कमळचं सोवळं

१ जानेवारी १९३५, मंगळवार
गिरगावचे यजमान जाताना ही डायरी देऊन गेले. पुठ्ठ्यावर इंग्रजी अक्षरं. माझं इंग्रजी तिसरीपर्यंत झालंय. हरिहरेश्वरात एवढा शिकलेला उपाध्या दुसरा नाही. आजपासून रोज लिहायचं. पहाटे सूर्यनमस्कार. दुपारची झोप बंद.
यजमान माझ्या बायकोचं, कमळचं सोवळं बघून थक्क झाले. त्यांना द्यायचा तांब्या तिने घासला, धुतला, पुन्हा घासला, पुन्हा धुतला. म्हणाले, असं सोवळं काशीतही पाहिलं नाही. मी नम्रपणे म्हटलं, आमच्या घरी हे असंच. खरं म्हणजे गेल्या पावसाळ्यापर्यंत असं नव्हतं. पण ते सांगायची गरज नव्हती.
प्लॅन: यात्रेकरूंसाठी ओसरीला लागून आणखी एक खोली.

९ जानेवारी
सूर्यनमस्कार उद्यापासून. सर्दी आहे.
पुण्याच्या मंडळींना जेवायला दुपार उलटून गेली. कमळ तांदूळ धूत बसली होती. पाणी केव्हाच निवळ झालं होतं. मी पाहुण्यांना सांगितलं, सोवळ्याचा स्वयंपाक आहे, वेळ लागायचाच. दोघे उठून शेजारी आवडाबाईंकडे पिठलं-भात जेवून आले. काही लोकांना पोटापलीकडे काही दिसत नाही. मलाही फार भूक लागली होती, तो भाग वेगळा.

२१ जानेवारी
कमळच्या हातांना भेगा पडल्यात. रक्त येतं. खोबरेल दिलं. तिने लावलं आणि लगेच धुऊन टाकलं. थंडीमुळे असेल.
आवडाबाई सांगत होत्या, कमळ तुळशीला जवळ घेत नाही, ताट खाली ठेवून लांबून सरकवते. तुळशी चार वर्षांची, आईच्या मागेमागे फिरते. तिला मी समजावलं की आई सोवळ्यात आहे. तिने विचारलं, सोवळं कधी सुटतं? म्हटलं, जा, खेळ.

३ फेब्रुवारी
आवडाबाईंनी बाळाचा विषय काढला. मला आवडलं नाही.
बाळ गेल्या आषाढात गेलं. डांग्या खोकला. गावात आणखीही मुलं गेली. कोणाचा दोष नाही. कमळ म्हणत होती, मी गोठ्यातून आले आणि हात न धुता त्याला पाजलं, म्हणून झालं. मी तेव्हाच स्पष्ट सांगितलं की तसं काही नसतं आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. तिने काढला नाही. याचा अर्थ तो तिच्या मनातून गेला.

१७ फेब्रुवारी
मेहुणे वामनराव मुंबईहून आले. गोदीत कारकून आहेत. मुंबईला राहिलं की माणसाला प्रत्येक गोष्टीचा डॉक्टर माहीत असतो. त्यांनी बहिणीचे हात पाहिले आणि ओसरीवर आले. म्हणाले, हे सोवळं नव्हे, हा मनाचा आजार आहे, त्यावर इलाज करणारे डॉक्टर आहेत. मी म्हटलं, आमच्या घराण्यात वेड नाही. ते म्हणाले, वेड कोण म्हणतंय? तिलाच विचारा.
विचारलं. कमळ मान खाली घालून म्हणाली, "हात स्वच्छ आहेत हे मला कळतं हो. पण पटत नाही. धुतले नाहीत तर तुळशीला काहीतरी होईल असं वाटतं. मी काय करू?"
म्हणजे तिला सगळं कळतं. ज्याला कळतं तो वेडा कसा? मुद्दा मी जिंकला. वामनराव न जेवता निघाले. जेवण तयारही नव्हतं.

१९ फेब्रुवारी
डॉक्टरची गरज नाही. स्ट्रिक्ट शिस्त हवी. सिस्टिम ठरवली: विहिरीचा पोहरा आणि दोर कुलपात. घरात मोजकंच पाणी. आठवडाभरात फरक दिसेल.

२२ फेब्रुवारी
कमळ विहिरीवर जात नाही. मोठा प्रोग्रेस.

२३ फेब्रुवारी
समुद्रावर जाते.
भेगांत खारं पाणी गेल्यावर काय होत असेल, असा विचार आला. पोहरा परत विहिरीवर नेऊन ठेवला. सिस्टिम बरोबर होती. समुद्र जवळ असल्यामुळे फसली.

६ मार्च
दोन ओळी लिहिल्या आणि खोडल्या. पुन्हा लिहितो.
शिवरात्रीला गर्दी झाली. गिरगावच्या यजमानांनी मुंबईत चार ठिकाणी सांगितलेलं, त्यामुळे बायका कमळच्या दर्शनाला आल्या. मला वाटलं, लोकांनी मान दिला की तिलाही बरं वाटेल. तिला ओसरीवर पाटावर बसवलं. ती नको नको म्हणत होती. मी तो विनय समजलो. एकीने पायाला हात लावला, मग दुसरीने. तिसरीने ओटी भरताना तिचे दोन्ही हात धरले. कमळ हात सोडवून उठली आणि धावत सुटली. प्रदक्षिणेच्या वाटेने पार खाली, खडक संपतात तिथपर्यंत.
भरती होती. ती कमरेइतक्या पाण्यात उभी राहून हात चोळत होती. मी वरून हाका मारल्या. लोक विचारू लागले, तेव्हा मी सांगितलं, व्रताचं स्नान आहे. खरोखर असं सांगितलं. तेवढ्यात एका लाटेने तिला पाडलं.
भिकू कोळ्याने उडी घालून तिला ओढून आणलं. मला म्हणाला, "भटजी, बघत काय ऱ्हायलाव? बाय गारठलीय, कांबळं आना."
मी आणलं. ती त्याचा हात झिडकारत होती. "मला शिवू नका," म्हणत होती. कोळ्याचा विटाळ नको म्हणून, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. मग पुढचं ऐकू आलं. "तुमच्या घरी लहान मूल असेल. मला शिवू नका."

११ मार्च
वामनरावांना तार केली होती. ते आले आणि श्रीवर्धनहून आगबोटीने कमळला घेऊन गेले. तुळशीलाही नेलं. गावात सांगितलं, हवापालट. पंधरा दिवसांत परत येतील.

१४ एप्रिल
भात करपला. कालही करपला होता.
वामनराव कळवतात की कमळ हॉस्पिटलात होती, आता त्यांच्या खोलीवर आहे, डॉक्टरकडे नेतात, उतार पडतोय. म्हणजे बरीच झाली. पावसाळ्यात आगबोटी बंद होतात, त्याआधी तिला आणायचं. घराला चुना दिला. जिथे उंचावर हात पोचला नाही तिथे तो पुढच्या वर्षी देऊ. शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय की मंडळी येताहेत. डॉक्टरला दोन-चार प्रश्न विचारून निरुत्तर करायचं ठरवलंय.

१२ मे, मुंबई
डॉक्टर वयाने माझ्याहून लहान. म्हणाले, हा आजार पुष्कळांना होतो. याचा पुण्याशी संबंध नाही आणि पापाशीही नाही. भीती वाटते, धुतलं की क्षणभर उतरते, म्हणून पुन्हा धुवावंसं वाटतं. तिला धुवावंसं वाटलं की कोणीतरी जवळ बसतं, बोलत ठेवतं. आधी थोडा वेळ, मग जास्त. झोपेचं औषध आहे. आणि तिला बाळाबद्दल बोलू देतात.
मी म्हटलं, तो विषय आमच्याकडे काढत नाही. डॉक्टरांनी विचारलं, बाळाचं नाव काय होतं?
मी सांगितलं, कान्हा. तो गेल्यापासून हे नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. ठरवलेले प्रश्न राहून गेले.
संध्याकाळी वामनरावांच्या खोलीवर गेलो. कमळ गव्हातले खडे काढत होती. हात बरेच भरून आलेत. मध्येच ती थांबली, उठून मोरीकडे बघितलं, ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा बसली. कपाळावर घाम आला होता. तुळशी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. माझ्याकडे आली नाही.
मी म्हटलं, परवाची आगबोट आहे. तिघांची तिकिटं काढलीत.
कमळ म्हणाली, "आत्ता नको. मला अजून जमत नाही. तिकडे आले की पुन्हा होईल."
मी म्हटलं, तिकडे लोक तुला किती मानतात.
 ती खडे निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही चारचौघांत माझं सोवळं सांगायचात ना, तेव्हा मला वाटायचं, यांनाही माझे हात घाणच वाटतात."
मी काही तरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही.

१४ मे, आगबोटीवर
धक्क्यावर पोचवायला वामनराव आले होते. कमळ आली नाही. पावसानंतर बघू, असा तिचा निरोप होता.
डेकवर मी तिघांपुरती चटई पसरली होती. उरणच्या समोर आलो तेव्हा एक बाई मुलाला कडेवर घेऊन आली. विचारलं, इथं कोन हाय का? म्हटलं, नाही. आणि चटईच्या एका कडेला सरकलो. ती बसली. मूल झोपलेलं होतं.