मित्राचा रोजा

३ जून २०१७, शनि. हायडेलबर्ग
बॅगा भरून झाल्या. मंगळवारी लेकीला, मित्राला, घेऊन मोरोक्को, फेज शहर. तिच्या शाळेला फिंग्स्टनच्या ख्रिस्ती सणाची सुट्टी. रमजान आहे, म्हणजे टुरिस्टांची गर्दी नसेल. वैशालीला रजा नाही, तिच्या ऑफिसात नवी सिस्टीम याच आठवड्यात सुरू होतेय. सकाळपासून तिचं एकच, "अहो, पोरीच्या जेवणाकडे बघा. हिवाळ्यापासून निम्मी झालीय."
पोरीचं पंधरावं वर्ष. आधी मटण सोडलं, मग दूध, मग पोळी. मी म्हटलं, या वयात होतं असं. हवापालट झाला की खाईल.

६ जून, मंगळ. फेज
दुपारी पोचलो. हॉटेलं बंद, खुर्च्या उलट्या करून टेबलांवर. भर उन्हात कुणाच्या हातात पाण्याची बाटली नाही. मला कसंसंच झालं, माझी पिशवीत लपवली. मित्राने तर काढलीच नाही. "इश फास्टे मिट." म्हणजे मीपण यांच्याबरोबर रोजा करणार. आपण एकटेच खाल्लं तर बरं दिसत नाही, म्हणे.
आमच्या घरात कुणी कधी उपास धरला नाही. बाबा म्हणायचे, आपल्या पिढ्यांनी पुष्कळ उपास काढले, आता मुद्दाम कशाला? तरी पोरीचं कौतुक वाटलं. म्हटलंही तिला तसं.

७ जून, बुध.
मुक्काम लतीफाबाईंच्या घरी, वरच्या दोन खोल्या. बाई साठीच्या, वीस वर्षं जर्मनीत काढलेल्या, त्यामुळे मित्राशी जर्मनमध्ये सूत जुळलं. संध्याकाळी आम्हाला आपल्याच टेबलाशी बसवलं. साडेसातला बांग. खजूर, हरीरा (मसूर-चण्याचं दाट सूप), उकडलेली अंडी, मधात बुडवलेलं चिरोट्यासारखं काहीतरी. मी आडवा हात मारला. मित्राने एक खजूर घेतला. बाकी खोलीत नेते म्हणाली, दमलेय.
वै.चा फोन. "जेवते का?"
"रोजा सुटला की व्यवस्थित जेवते."
पाहिलं नव्हतं. तरी म्हणालो.

९ जून, शुक्र.
प्रचंड ऊन. चामडं कमावतात ते कुंड बघायला गच्चीवर चढलो. मित्राच्या अंगात जाड जॅकेट. जिन्यात दोनदा भिंत धरून थांबली. हात धरला तर बर्फ. "परत जाऊ या?" तर चिडली. इथले कामगारही उपाशीच राबतायत ना, म्हणे.
येताना एका मशिदीमागच्या बोळात तोंड फिरवून पाणी प्यालो. चोरासारखं.

१० जून, शनि.
रोजा सुटल्यावर मित्रा वर गेली. लतीफाबाईंनी मला थांबवलं. त्यांना तिच्या खोलीतल्या कचऱ्यात नॅपकिनांत गुंडाळलेलं खाणं सापडलं होतं. खजूर, पाव, अंडी. चार दिवसांचं.
म्हणाल्या, "मी लहानपणापासून रोजे करतेय. बांगेच्या आधीची दहा मिनिटं सगळ्यांचे डोळे टेबलावर असतात. तुमच्या मुलीचे दाराकडे असतात."
मी काहीतरी बोललो, शाकाहारी वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं.
"आजारी माणसाला रोजा माफ असतो, हेर डॉक्टर."
डॉक्टर कसला. इथे पीएच.डी.वाल्यालाही हेर डॉक्टर, डॉक्टरसाहेब, म्हणतात; पेशी मोजणारा माणूस मी. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसतो.

११ जून, रवि.
दुपारी बारा वाजता लतीफाबाईंनी मित्रासाठी आम्लेट केलं. स्वतः पहाटेपासून पाण्याशिवाय. ताटली तिच्यासमोर ठेवून समोर बसल्या. मीही.  आम्लेट गार झालं. तासाभराने मित्राने कडेचा नखाएवढा तुकडा तोडला, तोंडात धरला, आणि रडायला लागली. गिळता येत नव्हता.
मी आवाज चढवला. चढवायला नको होता. तर म्हणाली, "तुलाच तर माझा रोजा आवडला होता. पहिल्या दिवशी. किती खूश होतास."
मी ताटली उचलून आत नेऊन ठेवली.
वै.ला सगळं सांगितलं. तिने परत पहिल्यापासून सांगायला लावलं. मग, "तुम्ही म्हणालात ती जेवते." नंतर फोन ठेवला.

१३ जून, मंगळ. हायडेलबर्ग
तिकीट बदलून परत. निघताना लतीफाबाईंनी मित्राला जवळ घेतलं, कानात काही बोलल्या. काय ते मित्राने सांगितलं नाही. विमानात तिने चेहरा खिडकीकडे ठेवला.
वै. स्टेशनवर. माझ्याकडे बघितलं नाही. मित्राची बॅग घेतली आणि पुढे चालू लागली.

१४ जून, बुध.
आमच्या डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, पुन्हा बघितली. लगेच यूबरवाइझुंग, न खाण्याच्या आजारावरच्या क्लिनिकसाठीची चिठ्ठी. वै.ने विचारलं, कधीपासून असेल हे? बाई म्हणाल्या, वर्षभर तरी.
वर्षभर एका टेबलाशी जेवतोय आम्ही तिघं.

१५ जून, गुरु.
इथल्या सणाची सुट्टी, सगळं बंद. वै.ने वरण-भात केला. मित्राने चार चमचे खाल्ले, मग बाथरूम. वै. दाराबाहेर उभी. मी स्वयंपाकघरात भांडी घासत बसलो, घासलेलीच.
वै. नंतर म्हणाली, "मला दिसत होतं. तुम्ही हसण्यावारी न्यायचात, म्हणून मीही..." आणि उरलेला भात झाकून ठेवायला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं.

१६ जून, शुक्र.
क्लिनिकचा फोन. एक जागा अचानक मोकळी झालीय. सोमवारी सकाळी दहाच्या आत कळवा, नाहीतर पुढच्याला देतील. मग शरद ऋतूपर्यंत थांबा. निदान दोन-तीन महिने तिथेच राहायचं, सुरुवातीला आईबापांना भेटता येत नाही. आमच्या सह्या पुरत नाहीत, तिचीही लागते. जबरदस्तीने आणलेली मुलं टिकत नाहीत, असं फोनवरच्या बाई म्हणाल्या.
फॉर्म प्रिंट करून आणला. मित्राने उभ्यानेच पहिलं पान वाचलं. दुसरं. विचारलं, "आणि सही नाही केली तर?"
वै. म्हणाली, "तर आपण इथेच तिघं, याच टेबलाशी."
फॉर्म घेऊन खोलीत गेली. दार लावून घेतलं.
आता पाच वाजले. आतून काही ऐकू येत नाही. वै. म्हणते, वाचत असेल.