सात दिवसांची मुदत

४ फेब्रुवारी
आज नऊ. सहा कुत्री, तीन मांजरं. निवाऱ्याच्या वहीत प्रत्येकापुढे मीच लिहिलं — ‘मुदत संपली’. नियमच तसा. सात दिवसांत कोणी न्यायला आलं नाही, तर आठव्या दिवशी मरणाची सुई. बारा वर्षं इथे कारकुनी करतेय, तरी या दोन शब्दांपाशी पेन अडखळतं.

सुई देणारा डॉक्टर म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. काम झालं की दादा हात धुतो, वहीवर सही करतो. त्या वेळी आम्ही एकमेकांकडे बघत नाही.

दुपारी कालच्या यादीतल्या चॉकलेटी कुत्रीचा मालक आला. कामासाठी परगावी होता, आजच परतला. नववा दिवस! मी सांगितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता बाकावर बसून राहिला, तासभर.

५ फेब्रुवारी
ठरलं. नियम बदलायचा. पण तो कायद्यात आहे, म्हणजे कायदाच बदलायला हवा. हसू आलं स्वतःचं.

२३ फेब्रुवारी
अर्जावर सह्या गोळा करतेय. बाजारात, शाळेच्या फाटकापाशी, बस थांब्यावर. शेजारची शिंपीणबाई सोबत असते. एकाने ऐकवलं, माणसांचं कोण बघतंय? ती म्हणाली, “तुम्ही आधी सही करा, मग तुमचंही बघू.” केली त्याने.

बाकीचे मान हलवतात आणि चालू पडतात. कळवळा पुष्कळ, पण पेन हातात घ्यायचं म्हटलं की सगळ्यांना घाई.

१२ मार्च
सभागृहातल्या एक सदस्यबाई विधेयक मांडणार. सातऐवजी तीस दिवस. मात्र समितीपुढे आतलं कोणीतरी बोलायला हवं, वही घेऊन. आतलं म्हणजे मीच.

संध्याकाळी दादाकडे गेले, सांगितलं. त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, “खरं तेच सांग. माझ्यासाठी काही गाळू नकोस.”

वहिनी आत निघून गेली.

२८ मार्च
बोलले. पानंच्या पानं वाचून दाखवली. निवाऱ्याचे अधीक्षक मागे बसले होते, पाय पसरून. नियम राबवायचा हुकूम त्यांचा, पण त्यांना कोणी काही विचारलं नाही. मला विचारलं — सुई कोण देतं?

नाव सांगितलं. नातं कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

२९ मार्च
पेपरात दादाचा फोटो. वर मोठ्या अक्षरांत ‘निवाऱ्यातला जल्लाद’.

६ एप्रिल
दादाच्या दारावर कोणीतरी लाल रंग फासलाय. वहिनी घासत होती. मी मदतीला वाकले, तर तिने फडकं ओढून घेतलं. “तुझं काम तू केलंस. हे माझं आहे.”

दादा खिडकीत होता. त्याने पडदा सारला.

१९ मे
कायदा मंजूर. तीस दिवस!

अधीक्षकांनी अंगणात भाषण ठोकलं — आमच्या निवाऱ्याने मुक्या जिवांसाठी नेहमीच झटून काम केलं, वगैरे. टाळ्या पडल्या. दुपारी दादाला बडतर्फीचं पत्र. कोणाला तरी शिक्षा झाल्याचं दिसायला हवं होतं ना! खुर्ची अधीक्षकांना, फोटो सदस्यबाईंना, आणि पत्र दादाला. मी फाटकापर्यंत त्याच्या मागे गेले. त्याने वळून पाहिलं नाही.

पिंजऱ्यात आठव्या दिवसाचं एक करडं मांजर होतं. जिवंत. अंग चाटत बसलेलं. त्याच्याकडे बघून आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. तोंड मात्र कडूजहर.

३ जून
सभागृहाच्या कचेरीत कायद्याची प्रत आणायला गेले. तिथल्या बाईंनी या विषयाची सगळी फाइल पुढ्यात ठेवली. आमच्या अर्जाखाली आणखी एक अर्ज, पिवळा पडलेला. चौदा वर्षांपूर्वीचा. मी निवाऱ्यात लागलेही नव्हते तेव्हा. मागणी तीच — सातऐवजी तीस दिवस. वर कचेरीचा शेरा: ‘गरज नाही’.

अर्जातलं अक्षर दादाचं.