सातव्या मजल्याचा जिना

ताई, तुला आणि दाजींना नमस्कार. मी मजेत आहे, उगाच काळजी करत बसू नकोस.

आमचा लिफ्टचे दोर बनवणारा कारखाना एका गुंतवणूक कंपनीने विकत घेतला, हे कळवलंच होतं. नवे मालक गोड बोलतात, पगारही वाढवला. फक्त एक रीत बंद केली. पूर्वी ज्याने दोर वळला, तोच आधी त्याला लटकून बघायचा. जुने मालकसुद्धा लटकायचे. "हा पोरखेळ कशाला? यंत्र तपासतं की," नवे साहेब म्हणाले. आम्ही माना डोलावल्या. स्वतःचा जीव टांगायचा नसला की हात सैल पडतो, ताई.

कारखान्याच्या वसाहतीत आमच्याच नव्या दोरावरची लिफ्ट बसवली. मी सातव्या मजल्यावर राहतो, पण जिन्यानेच जातो. तेवढाच व्यायाम! सकाळी बघतो तर सगळा कारखाना जिन्यात. शेजारी रिकामी लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते, दार उघडून वाट बघते आणि पुढे जाते.

बाबांना तपासायला नेतेस त्या दवाखान्यात नवी लिफ्ट आली म्हणतेस. त्यांचे गुडघे दुखतात, ठाऊक आहे मला. तरी हात धरून जिन्यानेच ने.

तुझा धाकटा