पांढरा डबा कपाटात होता

मु. कोन, रविवार

प्रिय प्रमोदिनी,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून तुला दुसरं काही लिहिलेलंच नाही. तेव्हा एका डब्यात जेवायचो. आता तू वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहेस आणि मी चार महिने 'अशक्तपणामुळे' रजेवर. हा शब्दही तूच सुचवलास.

मार्चमधली ती दुपार तुला आठवत नसेल, असं समजून मी तुला सोडणार नाही. वापरलेल्या सुया टाकायचा पांढरा डबा तू कपाटात कुलूपबंद ठेवला होतास, तपासणीवाल्यांना कोराकरकरीत दिसावा म्हणून. सुया काळ्या पिशवीत जायच्या आणि ती पिशवी सफाईच्या रंगूबाई मावशी हातानं निवडायच्या. त्यांना टोचू नये म्हणून मी एका पेशंटला इंजेक्शन दिल्यावर सुईला परत टोपण लावायला गेले. ते करायचं नसतं, हे आपण दोघी एकाच बाकावर बसून शिकलो होतो. नेम चुकला आणि सुई ग्लोव्हमधून अंगठ्यात गेली.

नळाखाली माझा हात तूच धरलास, साबणही तूच लावलास. मी नोंदीचं रजिस्टर मागितलं, तर म्हणालीस, "आता नको गं. वर्षभर कुणाला सुई टोचली नाही, असा रिपोर्ट गेलाय. आणि पेशंट चांगल्या घरचा आहे." चांगलं घर म्हणजे काय, तर दापोड्याला चार गोडाऊन! मीही मान डोलावली, मूर्खासारखी. नोंद नाही म्हणून पेशंटची रक्ततपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून मला औषध नाही. ते औषध लगेच, फार तर तीन दिवसांत सुरू करावं लागतं. पाचव्या दिवशी ऑपरेशनसाठी त्याचं रक्त तपासलं, तर एचआयव्ही निघाला. कागद दाखवताना तू रडलीस. तुझ्या त्या रडण्याचा मला अजून राग येतो. जूनमध्ये माझाही रिपोर्ट तसाच आला.

गोळ्या चालू आहेत, रोज एक, कायमच्या. नीट घेतल्या तर आयुष्य पुरं जगशील, असं डॉक्टर म्हणतात. जगेनही. घरात मात्र कुणाला माहीत नाही.

आणि आता तू माझ्या धाकट्या बहिणीला, उन्नतीला, त्याच वॉर्डात नोकरी लावलीस. भरपाई म्हणून ना? आईनं अख्ख्या आळीत पेढे वाटले. "परमोदिनी देवमानूस हाय," म्हणत होती. मी पेढा खाल्ला.

उद्या उन्नती हजर होतेय. तिच्याबरोबर मीही येतेय. रजिस्टर काढून ठेव. मार्चची माझी नोंद तुझ्या अक्षरात व्हायला हवी, डबा कुलपात का होता त्यासकट, आणि तिच्यासमोर. मला काय झालंय ते तिला तिथेच कळू दे; मला घरी सांगायला जमलेलं नाही. मग तिचं तिनं ठरवावं, तुझ्या हाताखाली सुई धरायची की नाही.

एकेकाळी तुझीच,
मृणाली