सातव्या माळेचं कुलूप

आत्याबाई,

यंदा घटाचं सामान आणलं ते असं. मातीचा घट बारा रुपये, परडी आठ, सात धान्यं मिळून अठरा, शेंगतेल दोन किलो एकशे वीस, माळेची फुलं रोज पाच रुपयांची. काळी माती फुलवालीनं मखमलाबादच्या मळ्यातून आणून दिली आणि तिचे पैसे घेतले नाहीत. वाती घरच्याच. आणि सातव्या माळेला रिक्षा, जाऊन-येऊन सत्तर रुपये. घटाच्या सामानात रिक्षा कुठून आली, असं तुम्ही विचाराल. मीही दोन दिवस स्वतःला तेच विचारते आहे. हातात घेतलेलं काम धड होत नाही. भगर निवडायला बसले तर मध्येच उठून दिव्याची काजळी काढते, काजळी काढून झाली की दाराशी जाऊन कडी बघून येते. आज नववी माळ. उद्या घट उठतील. त्याच्या आत हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

तुम्ही गेल्यापासूनचं हे अठरावं नवरात्र. इतक्या वर्षांत घट बसलेले असताना या घराला कुलूप लागलं नाही. लग्न होऊन मी तुमची सून म्हणून आले त्याच वर्षी तुम्ही घटस्थापनेच्या सकाळी दाराचं पितळी कुलूप काढलंत, किल्लीसकट फडक्यात बांधलंत आणि ट्रंकेत तुमच्या लुगड्यांच्या तळाशी ठेवून दिलंत. मी विचारलं, कुलूप आत कशाला? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पाव्हणीला आत बसवायचं अन् भायेरून कुलूप लावायचं, बरं दिसतं का ते? दसऱ्यापतोर घरात कुणीतरी पाह्यजे. तू नायतर मी." मग नऊ दिवस आपल्या पाळ्या. तुम्ही भाजीची पाटी घेऊन बाजारात गेलात की मी घरात, मी नळावर गेले की तुम्ही उंबऱ्यात. पुढे तुम्ही थकलात आणि पाळी माझ्या एकटीची झाली. मी ती कधी चुकवली नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

तुमची नातसून तुम्ही पाहिली नाही. पिंपळगाव बसवंतला टोमॅटोच्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात ती कामाला आहे. बी.कॉम. झालेली, जिभेला जरा तिखट, हाताला चपळ. लग्न ठरतानाच तिनं सांगितलं होतं, नोकरी करीन आणि संध्याकाळचं एम.बी.ए. करीन. धंदा कसा चालवायचा ते तिथं शिकवतात. हे म्हणाले, "धंदा शिकायला कॉलेज कशाला? पिंपळगावच्या मार्केटात महिनाभर उभं राहिलं की झालं." ती म्हणाली, "बाबा, उभीच आहे तिथं चार वर्षं. आता जरा बसून शिकते." हे हसले, विषय मिटला. पण तो बोलण्यापुरता मिटला. सकाळी सातची बस, दिवसभर क्रेट आणि त्यांच्यावरून होणारी भांडणं, संध्याकाळी तशीच गंगापूर रोडच्या कॉलेजात, घरी यायला साडेनऊ. टोमॅटोचा हंगाम गणपतीपासून दिवाळीपर्यंत, कॉलेजची परीक्षा तेव्हाच, आणि सगळे सणही तेव्हाच. गौरीच्या दिवशी पुरण वाटता वाटता ती भिंतीला चिकटवलेला कागद वाचत होती. मी म्हटलं, पुरणात लक्ष दे. तर म्हणे, "आई, पुरणाला हात लागतात. डोळे मोकळेच आहेत."

तुमची लेक मनमाडहून फोन करते. "काय वहिनी, सून घटाला तरी घरी आहे, का देवीकडंही रजेचा अर्ज टाकलाय?" मी म्हटलं, "घटाला मी आहे ना. दोघी बसल्या म्हणून धान दुप्पट उगवत नाही." मला माहीत आहे, फोन ठेवून ती जावेला काय म्हणाली असेल.

गेल्या वर्षी हंगामात रजा मिळाली नाही म्हणून तिचा प्रोजेक्ट राहिला आणि वर्ष गेलं. तुमचा नातू तेव्हा म्हणाला होता, झेपत नसेल तर सोड. त्याला ती काही बोलली नाही. मला मात्र यंदा पोळ्या लाटताना म्हणाली, "या खेपेला राहिलं ना आई, तर मीच सोडते. ऑफिसात उशीर, कॉलेजात उशीर, घरी उशीर. रोज कुणाची तरी माफी मागायची. कंटाळा आला." तिचा आवाज चढलेला नव्हता. आत्याबाई, माणूस भांडत असतो तोवर काळजी नसते. ती भांडत नव्हती.

परवा सातवी माळ, आणि तोच प्रोजेक्ट दाखवायचा दिवस. बाहेरगावचे परीक्षक येणार, एकेकाला बोलावणार. आदल्या संध्याकाळी ती फाइल बांधून घेऊन आली. मी म्हटलं, रात्रभर देवीपुढे ठेव. ती म्हणाली, "राहील हो आई तिथंच, मी विसरेन." मी म्हटलं, "विसरशील कशी? सकाळी नमस्काराला वाकशील तेव्हा नाकासमोर असेल." मीच फायलीला हळदकुंकू लावलं, मीच ती परडीजवळ ठेवली. सकाळी बस चुकेल म्हणून तिनं दारातूनच हात जोडले आणि पळाली. मी सातवी माळ चढवली तेव्हा झेंडूच्या पाकळ्या त्या फायलीवर पडल्या, तरी माझ्या लक्षात आलं नाही. मला ती फाइल देवीच्याच पसाऱ्यातली वाटली.

दुपारी सव्वाला फोन.

"आई, फाइल."

"अगं, देवीपुढं आहे."

"हो. देवीपुढंच आहे." मग म्हणाली, "माझा नंबर अडीचला आहे. मी इथून हलले तर पुढच्याला बोलावतील. यांच्या कंपनीत फोन केला, मशीनवर आहेत, बोलावत नाहीत म्हणे. बाबा?"

"ते सातबाराच्या उताऱ्याच्या कामाला निफाडला गेलेत. संध्याकाळी येतील."

"राहू दे, आई. घट आहेत, तुम्ही घर कसं सोडाल? राहू दे." आणि फोन ठेवला.

मी शेजारी धावले. काकू कालिकेच्या यात्रेला गेलेल्या, दाराला कडी. समोरच्या घरी सुतक, त्यांना घटाजवळ कसं बसवणार? परत आले आणि देवीसमोर उभी राहिले. फाइल तशीच, वर पाकळ्या. ती मी ठेवायला लावली नसती तर आज तिच्या पिशवीत असती, एवढं एकच डोक्यात घोळत होतं. दिव्यात काठोकाठ तेल घातलं. काजळी काढली, वात पुढे सारली. ट्रंक उघडली, तुमच्या त्याच फडक्यातलं कुलूप काढलं. देवीला काय सांगावं ते सुचेना. एखाद्या पाव्हणीला सांगतात तसं तोंडातून निघालं, "बस हं, आलेच." आणि भायेरून कुलूप लावलं.

रिक्षावाला म्हणाला, पस्तीस. मी घासाघीस केली नाही, यावरून माझी अवस्था ओळखा. नऊ दिवस मी वहाण घालत नाही, तशीच अनवाणी बसले. वाटेत फाइल उघडली. सगळी इंग्रजी. मॅट्रिकला माझं इंग्रजी बरं होतं, पण आता एखादा शब्द लागतो, चार लागत नाहीत. शेवटी मात्र मराठी पानं होती. सणाच्या दिवसांत टोमॅटो निवडायला बाया का येत नाहीत, हा तिचा विषय. तिनं गेल्या नवरात्रात एकेकीला विचारून लिहून घेतलं होतं. एक प्रश्न असा: घट बसल्यावर घरात कोण थांबतं? खाली उत्तरं. सासू. सासू. धाकटी जाऊ. सासू. मग एक उत्तर, "कोणी नाही, म्हणून मीच कामाला आले नाही." आणि एका म्हातारीचं, "सून थांबते. मी येते. आमच्यात कामाला पळायची ती मी." मला रिक्षात एकटीलाच हसू आलं, आणि लगेच किल्ली कनवटीला आहे ना ते चाचपून पाहिलं.

कॉलेजच्या फाटकावर वॉचमन. माझे उघडे पाय, कपाळावरचा मळवट बघून म्हणाला, "मावशी, जोगवा इथं नाही. पुढं कॉलनीत जा."

म्हटलं, "मागायला नाही रे बाबा, द्यायला आले. सोड आत."

ती जिन्यातच उभी होती. साडीच्या पदराला हात पुसत होती, जसे आपण पुसतो. मला पाहिलं आणि तिचा चेहरा असा झाला, की तो मला लिहिता येत नाही. फाइल घेतली आणि पहिला प्रश्न काय विचारावा तिनं? "घरी कोण बसलंय?"

मी म्हटलं, "काकू आहेत. जा तू."

घट बसलेले असताना मी खोटं बोलले, तेही देवीच्याच पाव्हणचाराबद्दल.

परत आले तर दिवा होता. मी तेल भरूनच गेले होते, त्यात चमत्कार नाही. वातीवर मोठी काजळी धरली होती, ती काढली. धान सकाळपेक्षा बोटभर वर आल्यासारखं वाटलं, पण मी दिवसातून वीसदा बघते, माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही. रात्री ती आली ती हसतच. परीक्षकांच्या बोटाला फायलीवरचं कुंकू लागलं, तर त्यांनी ते रुमालाला न पुसता कपाळाला लावलं म्हणे. बराच वेळ प्रश्न विचारले. पास. यंदा सुटली. तुमच्या नातवानं पेढे आणले, आणि बायकोला नव्हे, मला म्हणाला, "आई, तुझ्यामुळं." मी पेढा देवीपुढे ठेवला आणि आत निघून गेले. कारण ती म्हणत होती, दसऱ्याला सोनं द्यायला जाईन तेव्हा काकूंना खण देणार, त्या बसल्या म्हणून झालं.

आता तुम्ही म्हणाल, जाऊ दे, पोरीचं काम झालं ना. पण आत्याबाई, माझी तळमळ कुलपाची नाही. म्हणजे त्या कुलपाची नाही.

तुम्हाला आठवतं का, मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षीचं नवरात्र? माझे वडील निफाडहून चौथ्या माळेला आले होते, हातात लिफाफा घेऊन. लग्नाआधी शिक्षिकेच्या ट्रेनिंगचा अर्ज भरला होता, त्याचं मुलाखतीचं बोलावणं. तारीख पाचव्या माळेची. आणि पाचव्या माळेला तुम्ही देवीच्या गडावर पायी जायचा नवस बोलला होतात, पहाटेच निघायचं होतं. हे कामावर. मी लिफाफा घेऊन तुमच्यासमोर उभी राहिले. तुम्ही शिदोरी बांधत होतात. म्हणालात, "मी तर चालले गडावर. तुझं तू बघ." एवढंच. मग मी घरात बसले. आणि नंतर आयुष्यभर ज्यानं विचारलं त्याला सांगितलं, माझ्या वडिलांना, बहिणींना, आणि तुमच्या नातसुनेलाही, की मी मास्तरीण झाले असते, पण आत्याबाईंनी घट सोडून जाऊ दिलं नाही. तिनं ते ऐकलं तेव्हा तुमच्या फोटोकडे जरा रागानंच पाहिलं होतं. मी तिला थांबवलं नाही.

पण त्या पहाटे तुम्ही गेल्यावर मी दार लावायला आले, तेव्हा दाराशेजारच्या कोनाड्यात ते पितळी कुलूप होतं. फडकं सोडलेलं, किल्ली लावलेली. आदल्या रात्री ते ट्रंकेत होतं, कारण ट्रंकेतून तुमचं लुगडं मीच काढून दिलं होतं. मी ते कुलूप पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग फडक्यात बांधलं आणि पुन्हा ट्रंकेत ठेवून दिलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात, ट्रंक उघडलीत, माझ्याकडे एकदा पाहिलंत, आणि काही बोलला नाहीत. मीही नाही. तुम्ही सोळा वर्षं अजून होतात, रोज एका ताटवाटीत जेवलो, तरी विचारलं नाही.

मला भीती घटाची नव्हती, आत्याबाई. मुलाखतीत काय विचारतील, याची होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. उद्या धान उपटून सोनं लुटायच्या आधी सूनबाईला काकूंच्या खणाचं खरं काय ते सांगणार आहे, आणि तुमच्याबद्दल जे खोटं सांगत आले तेही. मग कागद घडी करून कुलपाबरोबर त्याच फडक्यात बांधीन. फक्त ते कुलूप तुम्ही माझ्यासाठी काढून ठेवलं होतंत का, तेवढं उलट टपाली कळवा.