तिजोरीचं उरलेलं काम

६ नोव्हेंबर २००६

भाईंदर पश्चिमेतल्या या नव्या घराविरुद्ध माझी एकच तक्रार आहे, पण ती गंभीर आहे. दारावरची बेल आरती म्हणते. आधीच्या भाडेकरूची ही पुण्याई. बटण एकदा दाबलं की कडवं संपेपर्यंत ती थांबत नाही. दूधवाला दुसऱ्या ओळीलाच पिशवी ठेवून पसार होतो आणि मी दार उघडून रिकाम्या जिन्यासमोर भाविकपणे उभा राहतो. हे कुठल्या धर्मशास्त्रात बसतं ते शोधतोय.

बाकी घर छान, हवेशीर. नीलिमाने आल्या आल्या परागचा फोटो लावला, मग गॅस जोडला. पराग आमचा एकुलता. चौदाव्या वर्षी तापाने गेला, त्याला तीन वर्षं होतील. त्यानंतर गिरगावातली खोली आम्हाला राहू देईना, म्हणून इतक्या लांब आलो. फोटोपुढे रोज फूल ठेवायचं काम नीलिमाचं. झोप मात्र तिला इथेही नाही.

८ नोव्हेंबर

नोकरी सुरू. भाईंदर पूर्वेला, इंद्रलोक वस्तीत एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर ऑफिस. मालक निकेत, वय तिशीचं, प्रोग्रॅमरही तोच आणि चहा आणणाराही तोच. दुसरी हेमाली, चाचण्या घेते. त्यांचं सॉफ्टवेअर म्हणजे 'तिजोरी'. फाइल आत टाकली की तिची अशी गिचमिड होते की पासवर्डशिवाय ब्रह्मदेवालाही वाचता येऊ नये. फुकट आहे, आणि त्याचा कोड कुणीही वाचावा, सुधारावा. त्यामुळे देशोदेशीचे लोक काम अर्धं करून पाठवतात.

संस्कृतच्या एम.ए.ने इथे काय करायचं, असं मी विचारलं. निकेत म्हणाला, पंडितजी, कोड लिहिणारे खूप आहेत, पण एक पण माणूस काम पूरा करत नाही. तुम्ही फक्त ठरवा, काय बाकी आहे ने कोण करेल. थोडक्यात, यज्ञात नुसतं बसून चुका पाहणाऱ्या ब्रह्म्याचं पद. पगार त्याच मानाने.

१४ नोव्हेंबर

उरलेली कामं फळ्यावर मांडली. सगळ्यात अवघड काम असं: पासवर्ड टाकून झाल्यावर त्याचा अंश यंत्रात मागे राहतो, चोर तो उचलू शकतो. मी लिहिलं, 'वापरानंतर पासवर्ड कुठेही उरता कामा नये.' निकेतला 'कुठेही' फार आवडलं. काम घ्यायला मात्र कुणी पुढे येईना.

पासवर्ड लांब असावा लागतो, म्हणून चाचण्यांसाठी मी सुभाषितं सुचवली. वडिलांनी शेकड्यांनी पाठ करून घेतलीत. हेमाली म्हणाली, सर, तुमच्यामुळे संस्कृतला पहिल्यांदा नोकरी लागली.

२७ नोव्हेंबर

ते अवघड काम कुणीतरी परस्पर करून पाठवलं. नाव नाही, पत्ता नाही, जेमतेम पानभर कोड. निकेतने वाचला, हेमालीने वाचला, परदेशातल्या चार जाणत्यांनी वाचला. निर्दोष आहे म्हणे. फळ्यावर मी स्वतः बरोबरची खूण केली.

५ डिसेंबर

रोज नवं सुभाषित टाकून चाचणी चालू आहे. सकाळी अंघोळीनंतर पाठ सुभाषितं म्हणायला बसतो, तर म्हणणं लवकर संपतं. नीलिमा म्हणाली, अहो, हल्ली देवाला घाईत उरकता.

लोकांच्या तक्रारी येतायत की पासवर्ड विसरलो. निकेत म्हणतो, पब्लिक आहे, विसरणारच. माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरांत 'विसरू नये' असं घालायचं काम त्याने वाढवलं.

९ डिसेंबर

वडिलांची जुनी पोथी काढली. चाचणीत टाकलेली सुभाषितं तीत आहेत, समासांत माझ्या लहानपणच्या खुणाही आहेत. वाचली. अर्थ लागतो, ओळख पटत नाही. पान उलटलं की पुन्हा गेली.

खात्री करायला हवी. जुन्या नोकरीत शशिकांत सबनीस नावाच्या साहेबाने चारचौघांत माझा अपमान केला होता. त्याच्या आठवणीने अजून घास कडू होतो. उद्या तेच नाव टाकतो.

१० डिसेंबर

कालच्या नोंदीत कुणी सबनीस आहे. वाचलं, दुसऱ्याच कुणाची हकीगत वाचावी तसं.

फार हलकं वाटतंय. हेच भयंकर आहे.

११ डिसेंबर

निकेतला सगळं सांगितलं, पासवर्ड म्हणून जे टाकावं ते माणसाच्या डोक्यातूनही पुसलं जातं. तो हसला नाही. त्याच्या टेबलावर एका मुलीचा फोटो आहे, तो कुणी ठेवला म्हणून तो आठवडाभर हेमालीला विचारतोय. तो त्यानेच ठेवलाय, असं हेमालीने मला हळूच सांगितलं.

संध्याकाळी घरी येऊन आधी नीलिमाला बजावलं, घरच्या कॉम्प्युटरवर मी टाकलेल्या तिजोरीला हात लावू नकोस. ती म्हणाली, इश्श, दुपारीच लावला. कसलेतरी फोटो होते, तुम्हीच म्हणाला होता ना, आत सुरक्षित राहतील.

कसलेतरी.

१२ डिसेंबर

आज फूल नाही.

दुपारी तिने सहज विचारलं, हा मुलगा कोण, तुमच्याकडचा का? मी सांगितलं. सगळं, तापापासून शेवटपर्यंत. ती रडली — शेजारणीचं मूल गेल्यावर रडावं तशी. मला पाणी आणून दिलं. दिवेलागणीला पुन्हा विचारलं, हा मुलगा कोण.

१५ डिसेंबर

रोज सांगतो. रोज ती माझं सांत्वन करते. आता सांगणार नाही —

फोटो तिने कपाटात ठेवला. लोक विचारतात, काय उत्तर देऊ, म्हणाली. तिजोरीतले फोटो उघडत नाहीत. पासवर्ड काय टाकला होतास — कसला पासवर्ड?

काय होता ते मला माहीत आहे. मी तो टाकू शकतो. एकदाच —

२० डिसेंबर

नीलिमा गाते. शेजारच्या उर्मिलावहिनींबरोबर डोंगरीच्या देवीला जाऊन आली. रात्रभर झोपते. तीन वर्षांत —

परागचा बाप आहे. आई कुणी नाही.

२ जानेवारी

निकेतने तो निनावी कोड तिजोरीतून काढून टाकला. फळा कोरा. पेढे वाटले. गेलेलं परत येत नाही, पण आता पुढे कुणाचं जाणार नाही.

घरच्या मशीनवर जुनी प्रत आहे. पुसायची रोज ठरवतो. पुसत नाही.

५ जानेवारी

मशीन चालू केलंय — पुसायलाच. पासवर्डची चौकट समोर आहे. स्वयंपाकघरात ती गातेय.

खरं सांगायचं तर मला तिजोरीची भीती नाही. तो कोड कुणी लिहिला, याचीही नाही. मला तिच्यासारखं झोपायचंय, एवढीच भीती आहे. मी एकटा हे फार दिवस धरून ठेवू शकणार नाही, आणि मी सोडलं की मग पराग कुणाला —