मादी बदलायच्या आधी

आबा, आज कॉलेजातल्या एक बाई फिंचचा पिंजरा घेऊन दारात उभ्या राहिल्या. माझ्याकडून नेलेली मादी अंडी घालते पण एकही फुटत नाही, तेव्हा मादी बदलून द्या, म्हणाल्या. मला हसूच आलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण माणसं अजून तुमच्यासारखीच आहेत. मी आधी बसायची दांडी हलवून पाहिली, कारण ती डुगडुगत असली की जोडीचा मेळ बसत नाही. दांडी घट्ट होती. मग अंडं मोबाईलच्या उजेडावर धरलं. आत लाल शिरांचं जाळं दिसायला हवं होतं, तर नुसता पिवळा उजेड. मग नर निरखला. अंग बेंगलीज फिंचसारखं तपकिरी, गळ्यावर झेब्रा फिंचच्या पुसट रेघा, चोच ना धड लाल ना धड काळी. दोन जातींचा संकर. असा नर गातो छान, घरट्यात काड्याही नेतो, पण त्याच्यापासून पिल्लं होत नाहीत. बाईंना म्हटलं, तुमच्या मादीला काहीएक झालेलं नाही. त्या गेल्या आणि मी चहा टाकायचा सोडून तुम्हाला लिहायला बसले.

रनाळ्याला आपल्या घरी असाच एक नर जन्मला होता. दोन्ही जाती एका पिंजऱ्यात ठेवायची हौस तुमचीच. कपाशी करणारा माणूस तुम्ही, हायब्रीड म्हटलं की तुमची छाती फुगायची. "हाऊ देख, हायब्रीड शे! आते याना पिल्ले देखजो," म्हणत अख्ख्या गल्लीला पिंजरा दाखवलात. पिल्लं काही होईनात. तुम्ही मादी बदललीत, मग पुन्हा बदललीत. त्या वर्षी मी दिवाळीला माहेरी आलेय. तुम्ही टाकून दिलेली मादी शेजारच्या पिंजऱ्यात दुसऱ्या नराबरोबर पिल्लं भरवत बसली आहे, आणि तुम्ही नंदुरबारहून आणखी एक नवी घेऊन येताय. आई चुलीपुढे मिरच्या भाजता भाजता म्हणते, "हायब्रीडनं बियानं परत पेरतस का तुम्ही?" तुम्ही जेवता जेवता उठून नराच्या पिंजऱ्यापाशी जाता. हायब्रीडचं घरचं बी चालत नाही म्हणून कपाशीचं पाकीट दरवर्षी नवं घेणारा माणूस, आणि एवढं सुचलं नाही! अजून आठवलं की हसू येतं आणि तुमची फार माया येते.

तेव्हा माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. इथं लोणखेड्याला, सासरी, माझ्यादेखत दुसरी मुलगी बघायच्या गोष्टी चालायच्या. तुम्हाला ते ठाऊक होतं, पण बाप-लेकीत असलं कोण बोलतं! त्या दिवाळीत तुम्ही माझ्याशी पाखरांचंच बोललात. मी परतल्यावर थोड्या दिवसांनी तोच पिंजरा मांडीवर घेऊन तुम्ही एसटीनं आलात, ओट्यावर ठेवलात आणि माझ्या सासऱ्यांना म्हणालात, "याही, हाऊ नर देखा. येनाकरता मी मादी बदली बदली थकनू. खोट नरमा शे, आनि मी मादीले नावं ठेवत व्हतू." सासरे आधी हसले. मग त्यांचं हसू थांबलं. "उद्या पोऱ्याले दवाखानामा लई जास," एवढंच म्हणाले. तपासणीत दोष माझ्या नवऱ्यात निघाला. औषधं झाली, मूल झालं नाही, पण दुसऱ्या मुलीचा विषय या घरात पुन्हा निघाला नाही. नवरा माणूस म्हणून वाईट नाही. पाखरांचा राळा संपला की न सांगता घेऊन येतो. पोरीचा संसार वाचवला, असं तुम्ही आईला किती वेळा सांगायचात, आणि मी शेजारी बसून मान डोलवायचे.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच लिहिता येतंय. तुम्ही ओट्यावर बोलत होतात तेव्हा मी आतल्या खोलीत कपड्यांची पिशवी भरत होते. वाटलं, मला न्यायला आलात. तुम्ही चहा प्यालात, पिंजरा उचललात, माझ्या डोक्यावर हात ठेवून निघालात. इतके खूश दिसत होतात की मला तोंड उघडवेना. आबा, मला तुमच्याबरोबर घरी यायचं होतं.